चहा, चप्पल आणि इसार

25 जून 2025, बुधवार

दिवसभर भुरभुर. भवानी मंडपातून कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत शिरलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि अख्ख्या ओळीत गिऱ्हाईक नव्हतं. पावसाळ्यात असंच असतं. चामड्याची चप्पल चिखलात कोण घालणार? दुकानांच्या तोंडाला प्लास्टिकचे पडदे सोडलेले, आत बल्बच्या उजेडात टांगलेल्या जोड्या आणि तेल पाजलेल्या चामड्याचा तो ओळखीचा वास.

बोलणं मात्र जोरात चाललं होतं आणि सगळ्या दुकानांत एकाच विषयावर. 22 तारखेला मिलानमध्ये प्राडा या इटालियन कंपनीचा पुरुषांच्या कपड्यांचा शो झाला. मॉडेलांच्या पायात आपली कोल्हापुरी. अंगठा तोच, मधला पट्टा तोच, शिवणही तशीच. कोल्हापूरचं नाव कुठेच नाही. ओळखीच्या दुकानदाराने मोबाईलवर फोटो मोठा करून दाखवला.

"बघा की काका, आपलीच हाय. नाव तेवढं गाळलंय."

राग होता, पण त्यात अभिमानही होता. पेपरांत किमतीचा आकडा लाखाच्या वर छापून आला आहे. त्याच्या दुकानात चांगली जोडी हजार-दीड हजाराला मिळते आणि तीसुद्धा लोक घासाघीस करून नेतात. मी विचारलं, सकाळपासून किती विकल्या? तो म्हणाला, "आज फक्त फोटो बघायला माणसं येत्यात."

हे वाक्य डोक्यातून जाईना. एखाद्या धंद्याचं कौतुक करणं आणि तो धंदा जगवणं यांत किती अंतर असतं! माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात झाली, त्यामुळे छोट्या माणसाच्या धंद्याकडे बघायची सवय आहे. आपल्या शहराने आपल्या छोट्या धंद्यांसाठी नेमकं काय केलं आणि काय करायचं राहिलं, ते हिंडता-फिरता टिपून ठेवावं म्हणतो.

26 जून, गुरुवार

शाहू महाराजांची जयंती. सकाळीच दसरा चौकात गेलो. पुतळ्याला हार, शाळांची पोरं, लेझीम, घोषणा. चौकाभोवती महाराजांच्या काळापासूनची वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं उभी आहेत. त्यांच्याबद्दल आज सगळे वक्ते बोलले आणि ते योग्यच आहे. धंद्याच्या अंगाने मात्र महाराजांकडे कमी बघितलं जातं. 1895 साली, गादीवर येऊन जेमतेम वर्ष झालेलं असताना, गुळाच्या व्यापारासाठी त्यांनी शाहूपुरी पेठ वसवली. 1906 मध्ये कापडाची मिल काढली. 1917 मध्ये जयसिंगपूर वसवलं, तेही बाजारपेठ म्हणूनच.

पण मला सगळ्यात मोठी वाटते ती गंगाराम कांबळेंची गोष्ट. कोल्हापुरात ती प्रत्येकाला माहीत आहे, तरी आज पुन्हा लिहितो. गंगाराम सरकारी पागेत चाकरीला होते. 'स्पृश्यां'च्या हौदातल्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परत आल्यावर सगळं कळलं तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शासन केलं आणि गंगारामना चाकरीतून मोकळं करून स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. भाऊसिंगजी रोडवर गंगारामनी चहाचं हॉटेल काढलं आणि नाव ठेवलं 'सत्यसुधारक'.

हॉटेल निघालं, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गावातलं कोणी येईना. इथे दुसरा एखादा राजा असता तर त्याने पैशाची थैली पाठवली असती. शाहू महाराज आपला खडखडा, म्हणजे घोडागाडी, घेऊन हॉटेलसमोर थांबू लागले. भर रस्त्यात गंगारामना हाक मारून चहा मागवायचा, स्वतः प्यायचा आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजायचा. राजा पितो म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

कर्ज विभागातल्या माणसाच्या नजरेने मी हे बघतो. धंद्याला भांडवल लागतं, मोक्याची जागा लागते. ही दोन्ही मिळूनही तो बसतो, कारण उंबऱ्यात गिऱ्हाईक येत नाही. महाराज स्वतः गिऱ्हाईक झाले आणि आपल्याबरोबर दुसरी गिऱ्हाइकं घेऊन आले. शहराने छोट्या धंद्याला आधार कसा द्यावा, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. पुढे महाराजांचं पहिलं स्मारक नर्सरी बागेत उभं राहिलं, त्यातही पुढाकार याच गंगाराम कांबळेंचा होता.

29 जून, रविवार

लक्ष्मीपुरीचा बाजार. पावसाने उघडीप दिली होती. आजूबाजूच्या खेड्यांतून आलेल्या बाया पोतं अंथरून बसल्या होत्या. पुढ्यात मेथी, शेपू, ओल्या शेंगा, पावसाळी रानभाज्यांच्या जुड्या. रस्ता कुणाच्या मालकीचा नाही, पण कोण कुठे बसणार हे ठरलेलं. एक आजी त्याच खांबाजवळ बसते, तिच्या आधी तिची सासू बसायची.

या जागेला कागदावर मोल नाही आणि सगळी गोम तिथेच आहे. 2014 च्या फेरीवाला कायद्याने शहर फेरीवाला समिती नेमायची, सर्वेक्षण करायचं, विक्रीचं प्रमाणपत्र द्यायचं असं स्पष्ट सांगितलं आहे. सर्वेक्षण पुरं होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही, हेही त्यातच आहे. 2020 मध्ये टाळेबंदीनंतर पंतप्रधान स्वनिधी योजना आली आणि विनातारण 10 हजारांचं कर्ज हातगाडीवाल्यापर्यंत पोहोचलं. ते फेडलं की 20 हजार, मग 50 हजार, अशा तेव्हा पायऱ्या होत्या. योजना चांगली आहे. आयुष्यभर सावकाराकडून सकाळी पैसे उचलून संध्याकाळी व्याजासकट देणाऱ्या माणसाला बँकेने नावानिशी ओळखणं ही लहान गोष्ट नव्हे. पण सोमवारी अतिक्रमणाची गाडी येणार की नाही याची धास्ती असेल, तर त्या 10 हजारांचा माल भरायचा कुठे? कर्जाआधी जागा पक्की हवी. हे मी नोकरीत असतानाही म्हणत होतो.

संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर. गवळी म्हशी घेऊन येतात, समोर धार काढतात आणि फेसाळलेला पेला हातात देतात. तालमीतली पोरं, कचेरीतून परतणारी माणसं, नातवाला घेऊन आलेले आजोबा, सगळे रस्त्यातच उभे राहून पितात. दूध पिशवीतून घरपोच मिळत असताना हा कट्टा टिकला, तो गाव रोज येतं म्हणून.

9 जुलै, बुधवार

सुभाषनगरात गेलो. लाईनीत विकल्या जाणाऱ्या जोड्यांतल्या कितीतरी इथल्या घरांतून येतात.

एका कारागीर मामांची दहा बाय बाराची खोली. दाराशी उजेडाला मामा बसलेले, पुढ्यात दगड, बाजूला रापी, आरी, हातोडी आणि पाण्याचं घमेलं. चामडं आधी पाण्यात भिजवायचं, मऊ पडलं की मापाचा तळ कापायचा. रापी त्यांनी अंगठ्याने असं दाबून फिरवली की म्हशीचं जाड कातडं भाकरीसारखं वळलं. तळाच्या थरांमध्ये दोन्ही बाजूंचे कान बसवायचे आणि मग चामड्याच्याच वादीने शिवायचं. खिळा नाही, दोरा नाही. आरीने भोक पाडून वादी ओवली की ती दोन्ही हातांनी खेचताना त्यांच्या दंडाची शीर टरारून येत होती. आत मामी पट्ट्यावरची वेणी विणत होत्या. चामड्याच्या सुतळीएवढ्या बारीक पट्ट्या, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं, नजर दाराबाहेर, बोटं आपली चालूच.

"वेणी म्हंजे बायकांचंच काम," त्या म्हणाल्या. "दुकानात नाव यांचं."

कातडं कमावायची जुनी रीत बाभळीच्या सालीची आणि हिरड्याची. चुन्यात घालायचं, धुवायचं, सालीच्या पाण्यात मुरवायचं. त्यात आठवड्यांमागून आठवडे जातात. म्हणून तर ही चप्पल पायाला घाम आणत नाही आणि वर्षानुवर्षं टिकते. कापशी, पुकारी, बक्कलनाळी असे तिचे प्रकार, आणि जाणता माणूस लांबून ओळखतो कुठली आहे ती.

मामांची अडचण साधी आहे. पावसाळ्यात भिजवलेलं चामडं वाळत नाही, म्हणजे काम निम्म्यावर येतं. विक्री बसलेली, म्हणजे दुकानदार माल उचलत नाही. पण दसरा-दिवाळीचा माल तयार करायचा तर कातडं आत्ताच घेऊन ठेवायला हवं, आणि ते महाग होत चाललं आहे. हातात पैसा नसतो तो नेमका याच महिन्यांत. मग दुकानदाराकडून उचल घ्यायची आणि दिवाळीत तो ठरवेल त्या भावाने माल द्यायचा. बापजाद्यांपासून हेच चालू आहे.

मी विश्वकर्मा योजनेचं विचारलं. 2023 पासून ती चर्मकारांनाही लागू आहे: अवजारांसाठी 15 हजार, पाच टक्के व्याजाने पहिलं कर्ज एक लाखाचं. मुलाने अर्ज भरलाय म्हणाले. मुलगा एमआयडीसीत कामाला जातो. रापी हातात धरेल का, असं मी विचारलं नाही. मामांनी आपणच सांगितलं, "मिळकत दिसली तर धरंल की."

मी माप दिलं. मामांनी कागदावर पाय ठेवायला लावून पेन्सिलीने रेघ मारली. पैसे सगळे आधीच दिले. जोडी दसऱ्याला न्यायची.

17 जुलै, गुरुवार

प्राडाची माणसं या आठवड्यात कोल्हापुरात येऊन गेली. कारागिरांच्या घरी बसून त्यांनी काम बघितलं, प्रश्न विचारले. राज्याच्या व्यापारी चेंबरने पत्र लिहिल्यावर कंपनीने जूनअखेरीसच कबूल केलं होतं की या चपलांमागची प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे. प्राडाविरुद्ध कोर्टात गेलेली जनहित याचिकाही निकालात निघाली. ती फेटाळली गेली. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन 2019 पासून आपल्याकडे आहे: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं. पण मानांकन ज्याच्या नावाने नोंदलंय त्याने ते वापरायला हवं. लाईनीतल्या किती जोड्यांवर त्याचं चिन्ह आहे, ते जाऊन बघावं. रेक्झिनची जोडीही 'कोल्हापुरी' म्हणूनच विकली जाते. परदेशी कंपनीवर रागावताना हे आपल्या घरातलं विसरायला नको.

18 ऑगस्ट, सोमवार

काल सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन झालं आणि आजपासून कामकाज सुरू. चार दशकांहून जास्त काळ वकिलांनी आणि नागरिकांनी त्यासाठी लढा दिला. मुद्दाम सकाळी भाऊसिंगजी रोडला गेलो. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीपुढे उभं राहायला जागा नव्हती. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे. आजवर मुंबईला जाणारे पक्षकार आता इथे उतरणार.

मी बघत होतो ते आजूबाजूला. झेरॉक्सवाल्याने दुसरं मशीन मांडलंय. वडापाववाल्याने सकाळीच बटाटे जास्त उकडले होते. मुद्रांकवाले, टायपिंगवाले, लॉजवाले, रिक्षावाले. एक चहावाली सांगत होती, "दहा वाजेस्तोवर दूध संपलं, पोराला परत गंगावेशीत पिटाळलं."

कायद्याच्या लढाईतून आलेल्या या गोष्टीने रस्त्यावरच्या शंभर चुली पेटत्या राहणार, हे उद्घाटनाच्या भाषणांइतकंच महत्त्वाचं आहे. ज्या रस्त्यावर गंगारामांच्या हॉटेलचा चहा महाराजांनी घेतला, तोच हा रस्ता. आता भीती एवढीच की गर्दी वाढली म्हणून पहिली कुऱ्हाड याच गाड्यांवर पडेल. महापालिकेने आत्ताच, या महिन्यातच, इथे चहा-नाश्त्याच्या गाड्यांसाठी जागा आखून द्यावी. वाहतूक अडायच्या आधी आखली तर भांडण होत नाही.

26 ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. रंगाचा वास, ओले ब्रश, डोळे रेखायचं काम रात्री उशिरापर्यंत चालू. घरोघरीचे लोक पाट घेऊन आलेले.

इथे आलो की 2019 आठवतंच. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43. त्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि गणपती जेमतेम महिन्यावर असताना ही गल्ली पाण्यात गेली. माळ्यावरच्या मूर्ती तेवढ्या वाचल्या, खालच्या विरघळल्या. वर्षाची कमाई चार दिवसांत संपली. आमच्या शेजाऱ्यांनी तेव्हा आपल्या नेहमीच्या कुंभाराला जाऊन सांगितलं, यंदा जी असेल ती मूर्ती द्या, रंग नसला तरी चालेल, आणि ठरलेले पैसे पुरे दिले. तसं करणारे ते एकटेच नव्हते. दुसऱ्या पेठेतून तयार मूर्ती आणणं सोपं होतं. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्याकडून गणपती आणला त्याच्याकडूनच आणायचा, हे इथल्या घरांत रक्तात आहे. 2021 मध्ये जुलैतच पुन्हा महापूर आला. तरी गल्ली आजही इथेच आहे.

नुकसानभरपाईचे पंचनामे झाले, पैसेही आले. ते यायला वेळ लागतो. गिऱ्हाईक मात्र पाणी ओसरल्या दिवशी येऊ शकतं.

22 ऑक्टोबर, बुधवार

दिवाळी पाडवा. मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यांचा मुहूर्त. हा दिवस मी चुकवत नाही. रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, थप्प्या, त्यांच्यावर हळद-कुंकू, अडते, व्यापारी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले हमाल. तीस किलोच्या रव्यावर व्यापारी बोटाने खवला काढतो, जिभेवर ठेवतो, रंग आणि कणी बघतो आणि बोली लागते. पहिल्या रव्याला चढा भाव मिळतो. तो मानाचा भाव असतो, बाजाराचा भाव उद्यापासून कळेल.

कोल्हापुरी गुळालाही 2014 पासून भौगोलिक मानांकन आहे. पण बाहेरून आलेला गूळही कोल्हापुरी म्हणून विकला जातो, साखर मिसळलेला तर सर्रास. गुऱ्हाळं कमी होत चालली आहेत. गूळ रांधणारे गुळवे आणि चुलाणात जळण घालणारे जळवे मिळत नाहीत, ऊस कारखान्याला घालणं सोपं पडतं. एका गुऱ्हाळमालकाने मला साधं गणित सांगितलं: भेंडीच्या रसाने मळी काढलेला, रसायनाविना केलेला गूळ काळपट तांबूस दिसतो, गिऱ्हाईक पिवळाधम्मक मागतं, मग तो तरी काय करणार? तेव्हा गूळ कसा व्हावा हे घेणाऱ्याच्या डोळ्यावर ठरतं. घरात आम्ही काळपट गूळच आणतो. चहाला रंग वेगळा येतो, चव उसाची लागते.

13 डिसेंबर, शनिवार

करार झाला. परवा मुंबईत प्राडाने महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाशी आणि कर्नाटकच्या बाबू जगजीवनराम चर्मोद्योग महामंडळाशी सह्या केल्या. दोन हजार जोड्या इथले कारागीर करणार, किंमत सुमारे 800 युरो, म्हणजे रुपयांत 80 हजारांच्या वर. फेब्रुवारीपासून जगभरातल्या चाळीस दुकानांत मिळणार. कारागिरांना प्रशिक्षणही मिळणार आहे.

लाईनीत पेढे वाटले गेले. मीही खाल्ला. आनंद खरा आहे. ज्या हातांना कालपर्यंत नाव नव्हतं, त्यांच्या कामाखाली आता त्यांच्या गावाचं नाव लागणार. त्या किमतीतले किती रुपये सुभाषनगरातल्या खोलीपर्यंत उतरतात, याकडे दोन्ही महामंडळांनी डोळ्यांत तेल घालून बघावं. आणि वेणी घालणाऱ्या बायकांची नोंद कारागीर म्हणूनच व्हावी, घरच्या मदतनीस म्हणून नव्हे. हे आत्ता करारावेळी झालं नाही तर पुढे कधीच होणार नाही.

पण दोन हजार जोड्यांनी आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांची चूल वर्षभर पेटणार नाही. ती पेटेल अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या माणसांमुळे, आणि त्याहून जास्त आपल्यामुळे. माझी जोडी दसऱ्याला मिळाली. पहिले आठ दिवस टाचेला जरा लागली, आता पायाला बसली आहे. मामांनी सांगितलं, मी आधी दिलेल्या रकमेतून जुलैत थोडं कातडं घेतलं, तेवढी उचल घ्यावी लागली नाही. एका जोडीचं एवढंच होतं. दहा-वीस जणांनी आधी पैसे दिले असते तर मामांनी दिवाळीचा भाव स्वतः ठरवला असता.

म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगणं. कोल्हापूरला या, चपलेचे फोटो काढा, मिसळ खा, सगळं करा. पण येत्या जून-जुलैत, धंदा बसलेला असतो तेव्हा, पायाचं माप द्या आणि इसार देऊन जा. चप्पल दिवाळीला न्या. भाव पाडून मागू नका. चामड्याची आहे का, मानांकनाचं चिन्ह आहे का, हे जरूर विचारा. तुमच्या गावात चपला होत नसतील तर जे होत असेल त्याचा इसार द्या: मूर्तीचा, माठाचा, घोंगडीचा, सुपाचा. पैसे लागतात ते माल तयार व्हायच्या आधी.

आणि महापालिकेला एकच विनंती. भाऊसिंगजी रोडवर गाड्यांच्या जागा अजून आखलेल्या नाहीत. पुढच्या शाहू जयंतीच्या आत त्या आखून द्याव्यात.